दाफिना गप्प बसली तो आठवडा

दाफिना गप्प बसली आहे, ही बातमी क्लेनोव्यात तासाभरात घरोघर पोचली. विश्वास कोणाचाच बसेना. बेकरीवाल्या स्तोयनाबाईंनी तर सरळ विचारलं, "पोरगी आजारी आहे की काय?"

आजारी कसली! चांगली ठणठणीत होती. अठ्ठावीस वर्षांची, उंच, खांद्याने दार ढकलून आत येणारी, आणि आत येण्याआधीच अर्धं वाक्य बोलून झालेली. गावच्या वाचनालयाची किल्ली तिच्याकडे. कोणाच्या लग्नात कुठलं गाणं आधी म्हणायचं हे ती ठरवणार, चर्चच्या अंगणातलं अक्रोडाचं झाड छाटायचं की नाही यावरही तिचं मत असणार. तिचे वडील स्तामेन मेंढ्या राखणारे, अबोल माणूस. ते म्हणायचे, "माझ्या वाट्याचं बोलणंसुद्धा मी तिलाच देऊन टाकलंय. बोलू दे."

आणि रूमेनाच्या वाट्याचंही तीच बोलायची. रूमेना धाकटी, नुकती अठराची झालेली. दहा वर्षांपूर्वी आई इटलीला गेली, अँकोनात एका म्हातारीची सेवा करायला, ती अजून तिथेच. त्या वेळी दाफिना अठराची होती. प्लोव्दिवच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. ते पत्र तिने कपाटात कपड्यांखाली सारलं आणि धाकटीच्या वेण्या घालायला घेतल्या. तेव्हापासून शाळेत, दवाखान्यात, दुकानात, एवढंच काय, आईशी फोनवर बोलतानासुद्धा, रूमेनाने तोंड उघडलं की वाक्य दाफिना पुरं करायची. "तिला म्हणायचंय की..." हे तिचं पालुपदच होऊन बसलं होतं.

रूमेना जात्याच सावकाश बोलणारी. एक शब्द बोलायची, थांबायची, दुसरा शोधायची. ते थांबणं दाफिनाला सोसायचं नाही. समोरच्याला वाटेल पोर मंद आहे, या धास्तीने ती घाईघाईने भर घालायची. मायेनेच हो, त्यात काही कपट नव्हतं. पण माया केली म्हणून चूक काही कमी होत नाही. रूमेनाने हळूहळू दुसरा शब्द शोधायचाच सोडून दिला होता.

तर झालं असं. ईस्टरच्या आठ दिवस आधी, शनिवारी, क्लेनोव्यातल्या लग्न न झालेल्या मुली डोक्यावर फुलं माळून घरोघर गाणी म्हणत फिरतात. दुसऱ्या दिवशी, रविवारी, वाळुंजीच्या डहाळ्यांची कडी विणून नदीत सोडतात. जिचं कडं सगळ्यांच्या पुढे जाईल ती त्या वर्षीची कुमा. मग सगळ्या जणी तिच्या घरी मक्याची उकड खातात, आणि तो घास गिळला की ईस्टरपर्यंत कुमेशी एकीनेही बोलायचं नाही. कुमेच्या देखत दुसऱ्या कोणाशीही बोलायचं नाही. ईस्टरला लाल अंडं घेऊन तिच्या दारी जायचं, हाताचा मुका घ्यायचा आणि "माफी दे, कुमा" म्हणायचं. ती "माफ आहे, बोल" म्हणाली की जीभ मोकळी.

ही रीत मधे तीसेक वर्षं बंदच पडली होती. नऊ वर्षांमागे दाफिनानेच ती उकरून काढली. म्हाताऱ्या बायकांच्या खनपटीला बसून तिने गाणी उतरवून घेतली, गावातल्या मुली गोळा केल्या, त्यांना घोटवून घोटवून शिकवलं. आणि पाळायची तर पुरती पाळायची, हा तिचा हट्ट. "अर्धीमुर्धी रीत म्हणजे नाटक. नाटक करायचं तर शहरात जा," असं ती मुलींना सुनवायची. मौन मोडणारीला पुढच्या वर्षी फेरीत जागा नाही, हा नियमही तिचाच, आणि त्यापायी दोघींना तिने खरोखरच घरी बसवलं होतं. दोन वर्षांपूर्वी बिसेराची थोरली बहीण कुमा झाली. बिसेरा तेव्हा सात वर्षांची. तिसऱ्या दिवशी ती मुसमुसत दाफिनाकडे आली. "एका पलंगावर झोपतो आम्ही. न बोलता कसं झोपायचं?"

"नाही म्हणजे नाही," दाफिना म्हणाली. "आणि चिठ्ठ्या पण नाही लिहायच्या. लिहिणं म्हणजेसुद्धा बोलणंच."

बिसेराने डोळे पुसले आणि ते वाक्य मनात नीट जपून ठेवलं. आता ती नऊ वर्षांची होती आणि तिच्या बारीक नजरेतून काही सुटत नव्हतं.

या रविवारी पुलाखाली अकरा मुली आणि बारावी दाफिना अशा उभ्या होत्या. रूमेनाच्या हातातलं कडं बघून दाफिनाने कपाळाला हात लावला. ढिलं, एका अंगाला फुगलेलं, एक डहाळी खाली लोंबतेय.

"हे काय गं? हे तर दहा पावलांत तळाला जाईल. आण इकडे."

"राहू दे ना ताई, मला..."

"तिला म्हणायचंय की तिला जमलं नाही," दाफिनाने इतर मुलींना सांगून टाकलं. तिने ते कडं अख्खं उसवलं आणि पुन्हा विणलं, घट्ट, हलकं, बांगडीसारखं गोल. मग वेळ उरला नाही म्हणून स्वतःचं कसंबसं उरकलं. बारा कडी पाण्यात पडली. दाफिनाचं पहिल्याच दगडाला अडकलं. रूमेनाचं मात्र प्रवाहाच्या मधोमध, सगळ्यांच्या तीन हात पुढे, ऐटीत निघालं.

"कुमा! रूमेना कुमा!" मुलींनी गिल्ला केला. सगळ्यांत मोठ्याने दाफिना ओरडली. धाकटीला तिने उचलून गरकन फिरवलं, गालाचे मुके घेतले. आणि मधेच तिचा चेहरा खर्रकन उतरला.

गुरुवार! गुरुवारी डॉक्टर पेंचेव घरी येणार होते.

पेंचेव म्हणजे खोऱ्यातल्या सात गावांच्या गुरामेंढरांचे डॉक्टर. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, कामाला एकटे. त्यांना हाताखाली कोणीतरी हवं होतं. वर्षभर त्यांच्याबरोबर गोठे-वाडे फिरायचे आणि मग त्यांच्या शिफारशीने जनावरांच्या डॉक्टरकीला स्तारा झागोराला जायचं. अर्ज सतरा आले. त्यांतून त्यांनी तिघांना वेगळं काढलं, आणि तिघांच्याही घरी जाऊन ते स्वतः बोलणार होते. रूमेनाला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं. हिवाळ्याआधी तिने दाफिनाला चार शब्दांत सांगितलं होतं, "ताई, मला ते हवंय." उरलेले चारशे शब्द अर्जात दाफिनाने घातले होते. गुरुवारी शेजारी बसून आणखी चार हजार घालायचे, असा तिचा बेत होता.

घरी चुलीवर उकड रटरटत होती. मुली चमचे घेऊन बसल्या. दाफिनाने चमचा हातात धरला आणि तोंडाचा पट्टा सोडला. "हे बघ रूमेना, गुरुवारी निळा ड्रेस घाल. डॉक्टरांना आधी बसायला सांग. हात टेबलावर ठेव, मांडीवर नको. त्यांनी विचारलं की लगेच उत्तर दे, थांबू नकोस. घोड्यांचं विसरू नकोस, अर्जात घोड्यांचं लिहिलंय. आणि खाली बघू नकोस, आणि..."

"दाफिनाताई," बिसेरा म्हणाली, "तुझा घास राहिलाय."

"घेते गं. आणि रूमेना, त्यांनी केमिस्ट्रीचे मार्क विचारले तर..."

"गार होतेय, ताई," आपला घास अजून चमच्यातच धरून बिसेरा गोड आवाजात म्हणाली. बाकी सगळ्या जणी गिळून, ओठ मिटून, दाफिनाकडे टक लावून बघत होत्या. नऊ वर्षं तिने त्यांना ज्या नजरेने बघितलं होतं, तीच नजर.

दाफिनाने घास घेतला. गिळला. आणि घर इतकं शांत झालं की स्तामेनबाबा बाहेरून डोकावून गेले, काय झालं म्हणून.

सोमवारी सकाळी तिने वाचनालयात दार लावून घेऊन डॉक्टरांना फोन केला. कुमा काही तिथे नव्हती, तेव्हा नियमात बसत होतं. "नमस्कार डॉक्टर, मी रूमेनाची बहीण. मी म्हटलं, आधीच थोडी कल्पना द्यावी. मुलगी लाजाळू आहे, पण मनाने..." पंधरा मिनिटं ती बोलली. डॉक्टर हूं हूं करत होते.

शेवटी ते म्हणाले, "बाई, नोकरी तुम्हाला हवीय का?"

"मला? छे! तिला."

"मग गुरुवारी तिच्याकडूनच ऐकतो की. आणि हो, अर्ज वाचला. फारच सुंदर आहे." त्यांनी 'फारच' असं काही म्हटलं की फोन ठेवल्यावर दाफिना अर्जातलं एकेक वाक्य आठवत बसली.

मंगळवारी तिने वहीचं पान फाडून मुद्दे लिहिले आणि ते रूमेनाच्या ताटाखाली सरकवले. बिसेरा त्याच वेळी दूध न्यायला आली होती. दूध कसलं, पाळत ठेवायलाच आली होती कार्टी. तिने ताट उचललं, कागद काढला, घडी करून खिशात घातला आणि दाफिनाला बाहेर अंगणात बोलावलं.

"लिहिणं म्हणजेसुद्धा...?" तिने विचारलं.

"बोलणंच," दाफिना दात-ओठ खात म्हणाली.

"मी पुढच्या वर्षी कोणाच्या हाताखाली गायचं, ताई? तू घरी बसल्यावर?" बिसेराला खरंच काळजी वाटत होती, आणि तेच दाफिनाला जास्त लागलं. ती आत गेली आणि बटाटे सोलायला बसली. इतके सोलले की दोन दिवस बटाटेच खावे लागले.

बुधवारी आईचा फोन आला. एरवी फोन दाफिना घ्यायची, पंचवीस मिनिटं बोलायची आणि शेवटी रूमेनाच्या कानाला लावून म्हणायची, "आईला बरी आहे म्हण." आज रूमेना समोरच होती, त्यामुळे दाफिनाने नुसता फोन उचलून तिच्या हातात दिला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन गोधडी झटकू लागली. गोधडी झटकता झटकता कान मात्र इकडेच.

"आई... हो... नाही, ताई बोलत नाही. मी कुमा झालेय." मग बराच वेळ काहीच नाही. दाफिनाचे हात शिवशिवले. मग रूमेना काहीतरी सांगू लागली, हळूहळू, अडखळत, आणि पलीकडून आईच्या हसण्याचा आवाज आला. खदखदून हसत होती आई. दाफिनाने आईला असं हसवल्याला किती वर्षं झाली होती? ती तर बिलं, औषधं, मेंढ्या, छप्पर असंच सांगायची. फोन ठेवताना आई म्हणाली ते दारापर्यंत ऐकू आलं. "तुझा आवाज किती बदललाय गं. मला ओळखूच आला नाही."

दाफिनाने गोधडी छातीशी धरली आणि पलंगाच्या काठावर बसली. तिला हेवा वाटला. आधी हेवाच वाटला, खोटं कशाला बोला. मग लाज वाटली. दहा वर्षांत आईला धाकटीचा आवाज ओळखू येऊ नये, हे काय करून ठेवलं आपण, असं तिच्या मनात आलं आणि जाईना.

गुरुवार उजाडला. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी घरोघर अंडी रंगवतात, त्यामुळे दाफिनाला स्वयंपाकघरात उभं राहायला निमित्त तरी होतं. चुलीवर लाल रंगाचं पातेलं ठेवून ती दाराकडे पाठ करून उभी राहिली. रूमेनाने निळा ड्रेस घातलाच नव्हता. रोजचा तपकिरी स्वेटर, कोपरावर ठिगळ. दाफिनाला ठिगळ दिसलं, तिने जीभ चावली.

डॉक्टर पेंचेव आले, स्तामेनबाबांशी हात मिळवला, आणि गुडघे धरून खुर्चीत बसले. खिडकीबाहेर अंगणात बिसेरा कोंबड्यांना दाणे टाकत होती. मूठभर दाणे ती पाऊण तास टाकत होती.

"बरं," डॉक्टर म्हणाले, "तुला हे काम का हवंय?"

रूमेनाने हात मांडीवर ठेवले. खाली बघितलं. आणि गप्प बसली.

चुलीतलं लाकूड तडतडलं. स्तामेनबाबांनी खोकल्यासारखं केलं. दाफिनाने मनात दहा आकडे मोजले, मग वीस. उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर तयार होतं, एक नाही, तीन तयार होती. पाठमोरी उभ्या उभ्या तिला वाटत होतं की सगळं बुडालं, पोरीचं नशीब डोळ्यांदेखत बुडतंय आणि आपण अंडी ढवळतोय. ती वळलीच होती. पण डॉक्टरांकडे बघितलं, तर ते अजिबात अस्वस्थ नव्हते. गाईच्या शेजारी बसावं तसे आरामात बसून होते.

त्यांनी खिशातून अर्ज काढला. "'लहानपणापासून घोड्याच्या डोळ्यांत पाहिलं की मला माझं भविष्य दिसतं.' हे तू लिहिलंस?"

"नाही," रूमेना म्हणाली.

"मग?"

"ताईने."

दाफिनाच्या हातून अंडं निसटलं आणि पातेल्याच्या काठावर फुटलं.

"घोडे आवडतात तुला?"

"घोड्यांना... भिते मी."

डॉक्टर हसले नाहीत. "मग काय आवडतं?"

पुन्हा थांबणं. दाफिनाला आता मोजायचंही सुचेना.

"मेंढ्या," रूमेना म्हणाली. "फेब्रुवारीत... बाबा तापाने पडले होते. ताई मुलींना घेऊन शहरात गेली होती, गाण्यांना. काळ्या कानाची मेंढी अडली. एक पाय बाहेर... आणि डोकं नाही. डोकं मागे वळलेलं होतं."

"कुठल्या अंगाला?"

"डाव्या. मी हात घातला. पण ओढलं नाही. कळ येते तेव्हा... नुसतं थांबायचं. कळ गेली की कोकरू मागे ढकलायचं, थोडंसं. पुन्हा कळ आली की पुन्हा थांबायचं. घाई केली की आत फाटतं." ती हातांनी दाखवत होती, आणि बोलताना आता खाली बघत नव्हती. "मग तोंड लागलं हाताला. जबड्यात बोटं घालून डोकं फिरवलं. ते पिल्लू... मेलेलं होतं. त्याच्या मागे दुसरं होतं. ते जगलं."

"किती वेळ लागला?"

"दोन तास. थोडे जास्त."

"कोणी शिकवलं?"

"बाबांना बघून. आणि... थांबता येतं मला." तिने क्षणभर चुलीकडे बघितलं. "घरात तेवढं मला एकटीलाच येतं."

स्तामेनबाबा खुर्चीत पुढे सरकले होते. "दोन होती?" ते म्हणाले. "मला वाटलं एकच झालं. मला कोणी सांगितलंच नाही!"

"कोणाला का नाही सांगितलंस?" डॉक्टरांनी विचारलं. "एवढी मोठी गोष्ट."

या वेळचं थांबणं सगळ्यांत लांबलं.  नको सांगूस, दाफिनाला वाटलं, आणि सांग, असंही वाटलं.

"ताईला सांगितलं असतं तर ती गावभर सांगत सुटली असती," रूमेना म्हणाली. "छान सांगितलं असतं तिने. माझ्यापेक्षा कितीतरी छान. पण मग ते... माझं उरलं नसतं."

डॉक्टरांची नजर चुलीपाशी उभ्या दाफिनाकडे गेली.

"ती वाईट नाही हं, डॉक्टर," रूमेना घाईने म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती घाई करत होती. "आईच्या जागी तीच होती मला. माझ्यासाठी तिने कॉलेज सोडलं. ते पत्र मी बघितलंय कपाटात. मला सगळं माहीत आहे. फक्त तिच्यासमोर मला माझं वाक्य कधी..."

शब्द अडला. दाफिनाला पुढचे शब्द कळले होते. चारच शब्द होते, अगदी साधे, आणि दहा वर्षांच्या सवयीने ते तिच्या ओठांपर्यंत आलेसुद्धा. तिने दोन्ही हात पातेल्यावरून उचलले आणि रंगानिशी तोंडावर दाबून धरले. डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत होतं. ती थांबली. सगळे थांबले.

"...पुरं करता आलं नाही," रूमेना म्हणाली.

डॉक्टरांनी अर्जाची घडी घातली. "आणि बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?" त्यांनी दाफिनाला विचारलं. "सोमवारी फोनवर तर पंधरा मिनिटं बोलत होता."

रूमेनाने चमकून वर बघितलं. खिडकीत बिसेराचं नाक काचेला चिकटलं होतं. दाफिना वळली. नाकापासून हनुवटीपर्यंत लालभडक, डोळे सुजलेले. तिच्याकडे बघून डॉक्टरसुद्धा दचकले. तिने धाकटीकडे बोट दाखवलं, आणि मग हात जोडून पुन्हा पातेल्याकडे वळली.

"कुमेचा आठवडा आहे," स्तामेनबाबा म्हणाले. "ती नाही बोलायची."

"अस्सं! मग क्लेनोव्यात दरवर्षी याच आठवड्यात यायला पाहिजे मी," डॉक्टर म्हणाले आणि गुडघे धरून उठले. "आधीच्या दोन घरांत जाऊन आलो. दोन्ही मुलं हुशार. पण इतकी बोलली, इतकी बोलली, की त्यांच्या हाताखाली मेंढी कंटाळूनच मेली असती. ईस्टरनंतरच्या मंगळवारी सकाळी सहाला पुलावर ये. रबरी बूट घालून. घोडे मी बघेन, तेवढे गुडघे अजून शिल्लक आहेत. वर्षभराने त्यांची भीती पण काढू."

रूमेना उठून उभी राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, आणि तिने वेळ घेतला. "येईन," ती म्हणाली. अंगणातून बिसेराने अशी काही आरोळी ठोकली की कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या.

शुक्रवार आणि शनिवार दाफिनाने काढले. गाव तिला बघून हसत होतं, कारण तो रंग काही साबणाने जात नव्हता. लोकांना वाटलं, आता ईस्टरला हिचा बांध फुटणार, आठवड्याचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडणार. स्तोयनाबाईंनी तर वेणी घातलेला गोड पाव घेऊन मुद्दाम त्यांच्या अंगणात ठाण मांडलं, ऐकायला. दाफिनालाही तसंच वाटत होतं. तिने मनात मोठं भाषण जुळवलं होतं. त्यात समजावणं होतं, थोडं रागावणं होतं, फोनचा खुलासा होता, आपण काय काय केलं आणि का केलं ते सगळं होतं.

ईस्टरच्या दुपारी मुली लाल अंडी घेऊन दाराशी रांगेत उभ्या राहिल्या. दाफिना त्याच घरातली, तरी मागच्या दाराने बाहेर पडली, वळसा घालून आली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली. रूमेना पायरीवर उभी होती. एकेक मुलगी पुढे जायची, हाताचा मुका घ्यायची, "माफी दे, कुमा" म्हणायची, "माफ आहे, बोल" ऐकायची आणि लगेच किलबिलायला लागायची. बिसेराने तर "बोल" म्हणायच्या आत सुरुवात केली.

दाफिनाची पाळी आली. तिने अंडं दिलं, धाकटीचा हात हातात घेतला. त्या हाताला मेंढ्यांचा वास येत होता आणि तो तिच्या हातापेक्षा मोठा झाला होता. हे कधी झालं? तिने त्यावर ओठ टेकले आणि तिला तिचं भाषण आठवेना. एक शब्दही आठवेना.

"माफी दे, कुमा," ती म्हणाली.

नऊ वर्षं ती हे तीन शब्द मुलींना शिकवत होती. स्वर कुठे चढवायचा, मान किती वाकवायची, सगळं शिकवत होती. आज स्वर मधेच चिरकला आणि मान खालीच राहिली. आठवड्याभराची नव्हे, दहा वर्षांची माफी मागत होती ती, आणि ते अंगणात सगळ्यांना कळलं. स्तोयनाबाईंनी पावावरचा रुमाल डोळ्यांना लावला.

रूमेनाने लगेच उत्तर दिलं नाही. ती थांबली. मुली चुळबुळल्या. बिसेरा कुजबुजली, "अगं, म्हण ना, माफ आ..."

दाफिनाने मान वर न करताच मागे हात नेला आणि बिसेराच्या तोंडावर ठेवला.

"माफ आहे, ताई," रूमेना म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण हसत होती. "बोल. फक्त... सावकाश बोल. मला मधे बोलायचं असतं."

सगळं अंगण हसलं. दाफिनाने तोंड उघडलं. लोकांनी कान टवकारले. तिने तोंड मिटलं, नाक ओढलं, स्कर्ट सावरून पायरीवर बसली आणि शेजारची जागा हाताने झटकून धाकटीला दिली.

"मग आधी तूच बोल," ती म्हणाली.